नदीवाला आणि बूटवाला

इटलीतल्या दोन कथाकारांपैकी मोठा कोण, याचा निकाल यवतमाळात लागला. कसा लागला ते मी पाहिलंय. म्हणून लिहिते.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक साहित्य मंडळ आहे. त्यातली माणसं महिन्यातून एकदा जमतात, एकमेकांना शाली घालतात आणि वर्षाकाठी एक विशेषांक काढतात. तो अंक ते एकमेकांनाच भेट देतात. ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय त्या वर्षी त्यांनी विषय घेतला होता विसाव्या शतकातले दोन इटालियन कथाकार आणि त्यांची तुलना. इटलीशी माझं काही वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते तुलनेशी. या मंडळात तुलना म्हणजे दोघांना शेजारी उभं करायचं आणि आधीच ठरवून ठेवलेल्याच्या गळ्यात हार घालायचा. आमच्याकडच्या शंकरपटात निदान दोन्ही बैलजोड्या पळतात तरी. इथे एक जोडी शेताच्या धुऱ्यावरच बांधलेली असते.

मी स्वतः साहित्यिक नाही. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून मी ठेकेदारी कामगारांच्या एका संघटनेत आहे आणि माझं सगळं लिहिणं एका कागदाच्या दोन्ही बाजूंत मावणारं आहे. आमच्याकडे रीत अशी की छापायच्या आधी पत्रक चार माणसांत मोठ्यानं वाचायचं. ज्या ओळीला माणूस खिशातून मोबाईल काढतो ती ओळ कापायची. त्यावर चर्चा नाही, मतदान नाही. मंडळातल्या लोकांना ही रीत सांगितली तर ते हसतात. हसू देत. त्यांची एकही ओळ या चाळणीतून खाली पडणार नाही, हे त्यांनाही आतून माहीत आहे.

या इटलीच्या भानगडीत मी पडले ते मैत्रिणीमुळे. ती आर्णीची. बसस्टँडजवळ तिच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. मराठीत एमए केलेली, कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे कधी शिकवते आणि कधी घरी बसते. घरात दखनी बोलते, माझ्याशी वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी, आणि वाचते हिंदी. नागपूरच्या फुटपाथवर तिला एका इटालियन लेखकाच्या कथांचं हिंदी भाषांतर सापडलं. त्यातली एक कथा तिनं मराठीत केली. दोन मासिकांकडे पाठवली. दोन्हींनी परत केली. कथा चांगली आहे, संवाद मात्र आमच्या वाचकांना झेपणार नाहीत, असं म्हणाले.

मंडळाच्या विशेषांकात दोन्ही लेखकांची एकेक कथा जाणार होती. पहिल्या लेखकाची कथा मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त प्राचार्य सरांनी, स्वतः इंग्रजीवरून केली होती. दुसरा लेखक म्हणजे नेमका तिचा, म्हणून तिनं आपली कथा मंडळाकडे पाठवली. ती कथा एक तर तिची छापली जाणार, नाही तर सरांचा एक लाडका विद्यार्थी इंग्रजीवरून नवी करून देणार. तिला एवढंच हवं होतं की तिनं केलेली कथा तिच्या नावानं छापून यावी. मानधन नको होतं, सत्कार नको होता. असल्या मंडळाच्या अंकात नाव येऊन काय होणार, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "तुहं नाव दर पत्रकाखाली असते. तुले नाई समजणार."

दोन्ही लेखकांबद्दल आता सांगते. त्यांची नावं देत नाही, आम्ही ती कधी घेतलीच नाहीत. आमच्या बोलण्यात एक होता नदीवाला आणि दुसरा बूटवाला.

नदीवाला उत्तरेकडचा, खात्यापित्या घरातला. त्याची वाक्यं धुतलेल्या काचेच्या ग्लासासारखी. ग्लासात पाणी आहे का, हे बघायला मात्र बोट घालावं लागतं. सरांनी घेतलेली त्याची कथा अशी. एका शहरातली नदी एका सकाळी नाहीशी होते. शहरातलं कोणीच त्याबद्दल बोलत नाही. लोक पुलावरून जात राहतात, नावाडी नावांना तेल लावत राहतात, कवी काठावर बसून कविता करत राहतात. शेवटी एक परगावचा माणूस विचारतो, नदी कुठे आहे? त्यालाच वेडा ठरवतात. सर या कथेला कल्पनेची परमावधी म्हणायचे. मी तिला चैन म्हणायची. ज्याच्या घरी नळ आहे त्यालाच नदी नाहीशी करण्यात मजा वाटते.

बूटवाला दक्षिणेतला, गंधकाच्या खाणींच्या मुलखातला. त्याच्या कथेतला खाणकामगार दगडाखाली सापडून मरतो. त्याची बायको खाणीच्या कचेरीत जाऊन त्याचे बूट मागते. कारकून म्हणतो, बूट खाणीचे. ती रोज येते. शेवटी तो म्हणतो, एवढ्या बुटांतून त्याचे ओळखून दाखव. ती एकेका बुटात हात घालते आणि आतल्या बोटांच्या खड्ड्यांवरून नवऱ्याचा बूट काढते. पण एकच सापडतो. जोडीतला दुसरा कोणीतरी घालून खाली खाणीत गेलेला असतो. इथं कथा संपते. मूळ लेखकानं म्हणे ही बाई तिच्या मुलखाच्या बोलीत बोलती केली होती. हिंदीवाल्यानं ती भोजपुरीकडे झुकवली. माझ्या मैत्रिणीनं तिला वऱ्हाडी दिली. कारकुनालाही वऱ्हाडीच दिली. "चाल निंघ इथून, बूट खाणीचे हायेत," असं तिचा कारकून ओरडायचा.

आता यात तुलना काय करायची? माझ्या मते उघड होतं. एकानं घाम पाहिलाय, दुसऱ्यानं नाही. बूटवाला आपला, नदीवाला त्यांचा. अर्थात बूटवाल्याबद्दलही मी फार हळवी नव्हते. पुस्तकाच्या मागच्या फोटोत तो उंची कोट घालून बसलाय आणि खाणी सोडून मोठ्या शहरात राहायला गेल्यावरच त्याला खाणी सुचल्या, असं प्रस्तावनेत लिहिलंय. आपल्याकडेही असे पुष्कळ आहेत. गाव सुटलं की गावाचा उमाळा येतो. पण निदान त्याच्या कथेत कोणी काहीतरी मागतं. नदीवाल्याच्या कथेत मागायची कुणाला गरजच नाही.

सरांचा मैत्रिणीला फोन आला. अर्धा तास ते बोलीभाषेच्या गोडव्यावर बोलले आणि शेवटी म्हणाले की परिसंवादाला या, दहा मिनिटं वाचा, मग मंडळ ठरवेल. सोबत त्यांनी स्वतःची नदीची कथा व्हॉट्सअॅपवर पाठवली, अभ्यासाला म्हणून. मी तिला म्हटलं, आपण दोन्ही कथा आपल्या चाळणीतून काढू. ती कुरकुरली, पण तयार झाली.

नदीची कथा तिनं गॅरेजमध्ये वाचली. तिचे वडील एका गाडीची क्लच प्लेट बदलत होते, गाडीचा मालक शेतकरी स्टुलावर बसला होता, आणखी दोघं-तिघं असेच टेकलेले. सरांचं पहिलंच वाक्य होतं, "सरितेच्या अनुपस्थितीचे त्या नगराला भान नव्हते." सगळ्यांचे मोबाईल एकदम बाहेर. मी खूश. मग ती म्हणाली थांबा, आणि तीच गोष्ट तिनं आपल्या बोलीत तोंडी सांगितली. मोबाईल परत खिशात गेले. हे मला आवडलं नाही, पण गेले. संपल्यावर स्टुलावरचा शेतकरी बराच वेळ वाट पाहत बसला, की पुढे काहीतरी येईल.

"मंग?" तो म्हणाला. "यात गोष्ट कोनती हाय? आपली नदी मार्च लागला का जातेच. पूल हायेच ना जागेवर."

"अन् पुलावर वाळूचे टिप्पर," दुसरा बोलला. "नदी नाई, पन वाळू जाऊनच राह्यली."

मग नदीवर कोणी बोलेना. टिप्पर कोणाकोणाचे, यावर गॅरेज रंगलं. नदी कुठे आहे असं विचारणाऱ्या त्या परगावच्या माणसाला तलाठी समजून एकानं शिव्याही घातल्या. तिचे वडील पाना पुसत म्हणाले, "इटलीवाले ने झूठ थोड़ी लिखा, बेटा. देख के लिखा होगा."

कल्पनेची परमावधी आर्णीत बातमी ठरली. मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, बुटाच्या कथेचं काय होतं ते बघ आता.

ती मी राजूरला नेली. तिथल्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची बैठक होती, ती मला घ्यायचीच होती. मैत्रीणही आली. बैठक संपल्यावर बायका थांबल्या आणि तिनं कथा वाचली. एकीनंही मोबाईल काढला नाही. बाई बुटात हात घालते तिथं एक म्हातारी स्वतःच्या हाताकडे पाहायला लागली. मी मनात म्हटलं, हे घ्या साहित्य मंडळ. मग विचारलं, कशी वाटली?

"चांगली हाय," एक तरणी बाई म्हणाली. "पन खरं नाई वाटत, ताई. ठेकेदारीत बूट कोन देते?"

"तिकडं देत असन बाप्पा. इटली हाय ते," शेजारची बोलली.

"माहा माणूस तं सँडलवरच जाते. तो मेला तं मी काय मागू? सँडल?"

सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसल्या, आणि त्यातलीच एक म्हणाली की आमचा कारकून एवढा वेळ बोलला असता तरी खूप झालं असतं, इथं तर खिडकीच उघडत नाही. थोडक्यात, माझ्या वास्तववादी लेखकाची कथा त्यांना राजाराणीची वाटली. बूट आहेत, कचेरीत कोणी भेटतं, बायकोला आत येऊ देतात! कुठला मुलूख असेल हा?

परतीच्या गाडीत मी बैठकीच्या नोंदी काढून बसले. मैत्रीण मात्र खिडकीशी बसून खुदखुदत होती. "पाह्य बाई," ती म्हणाली, "सरचा नदीवाला बातम्या लिहून राह्यला अन् तुहा बूटवाला परीकथा."

आजवर मंडळानं जितक्या तुलना केल्या त्या सगळ्यांपेक्षा ही एक ओळ भारी होती. मी म्हटलं, हे तू तिथं बोल. ती म्हणाली, बिलकूल नाही, आणि तूही बोलू नको. मला कथा छापून आणायची आहे. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे आम्हा संघटनेच्या लोकांना चांगलं कळतं.

परिसंवाद एका सभागृहात झाला. पुढच्या रांगेत जाड गाद्यांच्या खुर्च्या, त्यांवर मंडळाचे ज्येष्ठ. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर हजेरीसाठी आणलेली कॉलेजची पोरं. तीन वक्ते बोलले. नदीवाला वैश्विक आणि बूटवाला प्रादेशिक, असं तिघांनीही सांगितलं. वैश्विक म्हणजे काय हे एकानंही सांगितलं नाही. मला तरी एवढंच कळलं की ज्या लेखकाला शेजारी नसतात तो वैश्विक. एकानं आलेख काढावा तसे दोन्ही हात हवेत धरले, उजवा वर, डावा खाली, आणि भाषणभर ते तसेच ठेवले. खालच्या हाताला कळ लागली असेल, पण बूटवाल्याला त्यानं इंचभर वर येऊ दिलं नाही.

मग मैत्रिणीनं वाचलं. पहिल्या दोन संवादांना पुढची रांग हसली. वऱ्हाडी ऐकली की यांना विनोदच चालू झालाय असं वाटतं. बाईचा नवरा मेलाय आणि हे रुमालानं डोळे पुसत हसतायत. मागची पोरं हसली नाहीत. तिनं वाचणं थांबवलं नाही, फक्त आवाज थोडा खाली घेतला, आणि त्यांना ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागलं. ती शिक्षिका आहे, तिला हे येतं.

संपल्यावर सर माईकवर आले. छान, मातीचा वास आहे, वगैरे झालं. मग म्हणाले, "पण मला सांगा, इटलीतली बाई 'मले' म्हणेल का?"

मला राहवलं नाही. मी जागेवरूनच म्हणाले, "मग 'मला' म्हणेल का, सर?"

मागच्या खुर्च्यांवर हशा फुटला. तिथं थांबायला हवं होतं, पण उभी राहिलेच होते तर बोलून घेतलं. आर्णीत नदीची काय गत झाली आणि राजूरला बुटांची काय, ते सगळं. म्हटलं, तुमचा वैश्विक लेखक आमच्या इथं वार्ताहर निघाला आणि प्रादेशिकवाला स्वप्नाळू. हातांची आता अदलाबदल करा. हातवाल्या वक्त्यानं खरोखरच आपल्या हातांकडे पाहिलं. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिच्या मांडीवर कथेची पानं होती.

सर हसले. शाल घेऊन-घेऊन ज्यांचे खांदे तयार झालेत त्यांना असं हसता येतं. म्हणाले, स्थानिक प्रतिक्रिया म्हणून हे रोचक आहे. परंतु विशेषांक हा काही चावडी नव्हे. मग तिच्याकडे वळले. त्यांचा विद्यार्थी इंग्रजीवरून कथा करायला तयारच आहे, पण मंडळाला नव्या लेखणीला संधी द्यायची आहे. संवाद प्रमाण मराठीत आणले तर हीच कथा घेता येईल. काय म्हणता?

सभागृह तिच्याकडे बघत होतं. मला वाटलं, ती पानं उचलणार आणि दारातून बाहेर पडणार. तिच्या जागी मी तेच केलं असतं, वर चार शब्द सुनावून.

ती उभी राहिली. "करते सर. पण सगळ्यांचे नको. त्या बाईला शाळा माहीत नाही, ती आहे तशी राहू द्या. कारकुनाचे सगळे संवाद मी प्रमाण मराठीत करून देते. तो शिकलेला आहे."

सर खूश झाले. पुढच्या रांगेकडे वळून म्हणाले, याला समतोल म्हणतात. टाळ्या पडल्या. माझ्याकडे बघून पडल्या.

आर्णीच्या बसमध्ये मी तिला सोडलं नाही. म्हटलं, आधी अर्धी भाषा दिलीस, पुढच्या वर्षी उरलेली मागतील. तू इकल्या गेली.

"मले छापायचं हाय," ती म्हणाली. "तुले भांडायचं हाय. तू माह्या कथेवर उभी राहून भांडली. मी इचारलं का तुले?"

मी म्हटलं, आपण ती पत्रक म्हणून काढू, पूर्ण, जशीच्या तशी. ती म्हणाली, तुझ्या पत्रकात त्या बाईखाली तू मागण्या लिहिशील. मी मनात त्या लिहायला घेतल्याच होत्या. उतरताना ती एवढंच बोलली, "कारकून लिहून झाला का वाचजो. मंग बोल."

पुढे महिनाभर ती कारकून लिहीत होती. मी वाचला नाही. राग होता. थेट प्रकाशनाच्या दिवशी, त्याच सभागृहात, अंक हातात पडला. वाचायला उघडणार एवढ्यात सरांनी जाहीर केलं की नमुन्यादाखल दुसऱ्या कथेचं वाचन होईल. बाईचे संवाद स्वतः भाषांतरकर्ती वाचेल आणि कारकुनाचे, माझा आवाज अजून बरा आहे तर, मी वाचतो.

सरांचा आवाज खरोखर बरा आहे. त्यांनी चष्मा लावला.

"माह्या माणसाचे बूट मले देऊन टाका साहेब," ती म्हणाली.

"बाई, आपल्या दुःखाची आम्हांला पूर्ण जाणीव आहे," सर वाचू लागले. "परंतु सदर बूट ही संस्थेची मालमत्ता आहे. आपण समजून घ्याल, अशी अपेक्षा आहे."

"ते त्याच्या पायाचे हायेत."

"पाय त्यांचे होते, हे आम्ही नाकारत नाही."

पुढची रांग या वेळी हसली नाही. बाईची वऱ्हाडी तीच होती, पण तिला उत्तर आता सरांच्या तोंडून येत होतं. जुना कारकून ओरडायचा, हाकलायचा, आणि ओरडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हा नवा कारकून एकदाही आवाज चढवत नव्हता. प्रत्येक वाक्य शुद्ध, प्रत्येक वाक्यात आदर, आणि प्रत्येक वाक्यानं ती बाई एकेक पाऊल दाराकडे ढकलली जात होती. सर रंगले होते. 'यथावकाश' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मागच्या खुर्चीवरच्या एका पोरानं शेजाऱ्याला कोपर मारलं. मग दुसऱ्यानं मारलं. कारकून कोणासारखा बोलतोय हे मागून पुढे कळत आलं आणि दुसऱ्या रांगेपाशी येऊन थांबलं. पहिल्या रांगेत ते कधीच पोचलं नाही. तिथले ज्येष्ठ माना डोलवत होते.

मीही डोलवली असती, पण मला ओठ चावायचं काम होतं. इतकी वर्षं मी यांच्याविरुद्ध लिहितेय. एकदाही त्यांनी माझी ओळ स्वतःच्या तोंडानं, माईकवर, एवढ्या प्रेमानं वाचलेली नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. तिनं अंक उघडला होता आणि आपल्या नावावर अंगठा ठेवला होता, शाई पुसली जाते का बघावं तसा. सर मुद्दाम चालत आले. म्हणाले, कारकुनाची भाषा फार सुंदर साधली आहे, ते पात्र अगदी जिवंत झालंय. पुढच्या वेळी त्या बाईलाही अशीच भाषा द्या.

तिनं अंक मिटून छातीशी धरला. "ती ऐकणार नाही, सर," ती म्हणाली.